फोटोपुढची सात वाक्यं

हुडकेश्वरला प्रेमानंद सोमकुंवर यांच्या घराच्या फाटकावर दोन पाट्या होत्या. एकीवर त्यांचं नाव आणि दुसरीवर लाल अक्षरांत, ‘आयोगापुढील प्रकरणांविषयी येथे बोलू नये.’ दूधवाला, सिलिंडरवाला, मतदारयादीवाले, सगळे आधी ही पाटी वाचायचे आणि मग जरा बिचकतच बेल दाबायचे. लेआउटमधले शेजारी गमतीनं म्हणत की सोमकुंवर साहेबांशी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात, पण त्यातलं पाणी वगळून, कारण साहेब भूजल परवाना आयोगाचे सदस्य आहेत.

त्यांच्या आई भीमाबाई मात्र पाटीला फारशी भीक घालत नसत. कोणी काम घेऊन आलंच तर त्या फाटकापर्यंत जात, पाटी वाचली का म्हणून विचारत, आणि वाचली असेल तर आता चहा पे अन् जा, असं सांगून खरोखरच चहा पाजून परत पाठवत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईपुढे दुसरा शब्द काढायची कोणाची टाप नव्हती.

पाटी ज्या नियमामुळे लागली तो नियम क्रमांक सतरा, आणि तो प्रेमानंदांनीच लिहिलेला होता. नऊ वर्षांपूर्वी ते आयोगात विधी अधिकारी होते. तेव्हाचे एक सदस्य कोण्या खाणमालकाच्या शेतावर हुरडा खायला गेले, आणि आठच दिवसांत त्या मालकाच्या परवान्याचा निकाल लागला. हुरड्यात काय बोलणं झालं ते त्या दोघांना आणि शेकोटीलाच ठाऊक. गावोगावचे लोक सदर भागातल्या आयोगाच्या कार्यालयासमोर धरणं देऊन बसले, वर्तमानपत्रांत बोंबाबोंब झाली, आणि वरून हुकूम आला की काहीतरी नियम करा. प्रेमानंदांनी ‘काहीतरी’ केलं नाही, पक्कं केलं. जे काय बोलायचं ते सुनावणीत, दोन्ही बाजू समोर असताना. सुनावणीबाहेर कोणी सदस्याशी प्रकरणाबद्दल बोलू लागलं तर त्यानं तिथंच थांबवावं. आणि कानावर पडलंच, तर तीन दिवसांत ते शब्दशः लिहून काढावं, फाईलला लावावं आणि सगळ्या पक्षांना प्रती पाठवाव्यात. मग कोणाची हरकत आली, तर सदस्यानं प्रकरणातून बाजूला व्हावं. शेवटी त्यांनी एक ओळ आणखी घातली होती, की बाजूला झालेल्या सदस्यानंही अंतिम आदेश निघेपर्यंत कोणत्याही पक्षाशी बोलू नये. या शेवटच्या ओळीचा त्यांना विशेष अभिमान होता, कारण तिनं उरलीसुरली फटही बुजत होती.

पुढं ते स्वतः सदस्य झाले, आणि दोन वर्षांनी सावळापारचं प्रकरण त्यांच्यापुढं आलं. कन्हानकडच्या एका खाण कंपनीला खाणीतलं पाणी आहे त्याच्या दुप्पट उपसायचं होतं. पाणी उपसल्याशिवाय कोळसा निघत नाही आणि पाणी उपसलं की आजूबाजूच्या विहिरी आटतात, ही गोष्ट शाळेतलं पोरही सांगेल. गावाचं म्हणणं साधं होतं. कंपनीनं आधी गावाला नळाचं पाणी द्यावं, मग काय उपसायचं ते उपसावं. गावाकडून पाच अर्जदार होते आणि त्यात पहिलं नाव देवराव यांचं होतं.

सावळापार हे भीमाबाईंचं माहेर. तिथं त्यांचं आता कोणी उरलं नव्हतं, घर नव्हतं, वावर नव्हतं, पण देवराव वस्तीच्या नात्यानं त्यांचे धाकटे भाऊ लागत. प्रेमानंदांनी पहिल्याच तारखेला हे सगळं सांगून टाकलं. कंपनीचे वकील अपूर्वबाबू हसून म्हणाले की आईच्या माहेरावर कोण हरकत घेईल, आणि तसं नोंदवलं गेलं. त्या दिवशी घरी येऊन प्रेमानंदांनी देवरावांचा नंबर आपल्या फोनमधून पुसून टाकला. भीमाबाईंना सांगितलं की मामाशी बोलशील तर बोल, पण पाण्याबद्दल नाही. त्या म्हणाल्या, मले शिकवू नको. आणि वर्षभर दर रविवारी त्या आपल्या बटणांच्या छोट्या फोनवर देवरावांशी गुडघ्यांबद्दल, सुनांबद्दल, कोण गेलं आणि कोण राहिलं त्याबद्दल बोलत राहिल्या. पाण्याचा शब्द दोघांनी काढला नाही. देवराव सुनावणीला येत तेव्हाही भाच्याकडं पाहत नसत, मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसत.

सुनावणी संपली. तिघा सदस्यांनी बसून विचार केला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. अध्यक्ष मधुकरराव यांचं मत परवाना सरळ देऊन टाकावा, अटी घालून कामं अडवू नयेत, असं होतं. मिनलताई आणि प्रेमानंद या दोघांचं मत आधी नळ, मग उपसा. दोनास एक. आदेश लिहायचं काम मिनलताईंकडं गेलं, आणि पंधरा दिवसांत तो निघणार होता. सावळापारला नळ येणार, हे जगात फक्त तीन माणसांना माहीत होतं.

आणि नेमक्या त्या पंधरा दिवसांत भीमाबाई गेल्या. सकाळी उठून चहा प्याल्या, कामिनीला म्हणजे सुनेला म्हणाल्या की जरा पडते, आणि पडल्या त्या उठल्याच नाहीत.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. घरासमोर पांढरा मंडप टाकला, बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या प्रतिमेशेजारी भीमाबाईंचा फोटो ठेवला, मेणबत्त्या लागल्या. भन्तेंनी त्रिसरण पंचशील दिलं, आणि मग रीतीप्रमाणे एकेकानं उठून आदरांजलीचे दोन शब्द बोलायला सुरुवात केली. सूत्रसंचालन प्रेमानंदांच्या चुलतभावाकडं, अश्विनकडं होतं. अश्विनच्या हाती माइक आला की त्याला तो सोडवत नाही, आणि मंडपातला एकही म्हातारा माणूस न बोलता जाऊ नये असा त्याचा दंडक. देवराव मागं खुर्चीवर बसले होते. ते नाही नाही म्हणत होते, हात जोडत होते, मले बोलता येत नाई म्हणत होते. अश्विननं त्यांना दंडाला धरून पुढं आणलं आणि माइक हातात दिला.

देवराव लोकांकडं तोंड करून उभेच राहिले नाहीत. ते फोटोकडं वळले आणि भीमाबाईंशी बोलू लागले. दीक्षेहून परतल्यावर वस्तीनं कसं ठरवलं की आता दुसऱ्याच्या विहिरीवर ओंजळ धरायची नाही, आपली विहीर आपण खणायची, ते त्यांनी सांगितलं. सोळा वर्षांची भीमा दिवसभर मातीच्या टोपल्या वाहायची, आणि सहा वर्षांचा देवराव हट्ट करायचा म्हणून रिकाम्या टोपलीत त्याला बसवून परत आणायची, तेही सांगितलं. पहिलं पाणी लागलं त्या दिवशी ती चिखलासकट प्याली होती. मंडपातल्या बाया डोळे पुसू लागल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या प्रेमानंदांना आईच्या तोंडून हे शंभरदा ऐकलेलं होतं, तरी त्यांचा ऊर भरून आला.

आणि मग त्याच आवाजात, न थांबता, देवराव पुढं म्हणाले, “बाई, तू माती वाह्यली ते विहीर आटली वं. कंपनीनं उपसा सुरू केला तवापासून तळ दिसून राहिला. आता ते दुप्पट उपसतो म्हनतात. टँकर आठ दिवसांतून एक डाव येते, त्याचंबी पानी पिवळं. तू पायलं नाई ते बरं झालं. पन आता सारं तुह्या पोराच्या हातात हाय. त्याले सांगून ठेव.”

पहिलं वाक्य कानावर पडताच प्रेमानंदांना कळलं होतं की आता उठायला हवं. उठून म्हणायला हवं होतं, मामा, थांबा. नियमात तसंच लिहिलं होतं आणि लिहिणारे तेच होते. पण मरण पावलेल्या आईच्या फोटोसमोर तिच्याशी बोलत रडणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा माइक कोण काढून घेणार? ते मांडीवर हात ठेवून बसून राहिले. सात वाक्यं झाली. देवरावांनी फोटोला हात जोडले आणि जागेवर जाऊन बसले. जाताना भाच्याच्या शेजारून गेले, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यांच्या लेखी ते भाच्याशी बोललेच नव्हते.

मंडपात कंपनीचं कोणी नव्हतं. सगळी घरची, लेआउटमधली, विहारातली माणसं. त्यातल्या कोणालाही त्या बोलण्यात वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमानंद कागद घेऊन बसले. कामिनीनं चहाचा कप ठेवताना कागदावर नजर टाकली आणि ती तिथंच थांबली. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याच्या कामात कधी तोंड घातलं नव्हतं.

“कोनाले मालूम हाय?” ती म्हणाली. “तुमी लिहून राहिले ते कोनाच्या भल्यासाठी हाय, एवढं तं सांगा.”

प्रेमानंदांनी तिला समजावलं. आज मामाचं बोलणं लपवलं, तर उद्या दुसऱ्या एखाद्या सदस्याला हुरड्यातलं बोलणं लपवायला कोण अडवणार? शिवाय हरकत येईलच असं नाही, माहेराबद्दल वकिलांनी हरकत घेतली नव्हती. बोलताना त्यांना स्वतःचाच आवाज एखाद्या परिपत्रकासारखा ऐकू येत होता. कामिनी म्हणाली की हुरडा खाणाऱ्यानं कधी कागद लिहिला का, आणि आत निघून गेली. त्यांनी सातही वाक्यं जशीच्या तशी लिहिली, एक अनुस्वार इकडचा तिकडं न करता. खाली लिहिलं, ‘मी बोलणाऱ्यास थांबवले नाही.’ सही केली आणि कार्यालयात नेऊन दिलं.

पाचव्या दिवशी हरकत आली. त्या हरकतीवरच्या सुनावणीला अपूर्वबाबू काळा कोट नीट करत उभे राहिले आणि आधी त्यांनी मातोश्रींच्या निधनाबद्दल दुःख व्यक्त केलं. ते खोटं नसावं, माणूस सभ्य होता. मग म्हणाले की सन्माननीय सदस्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि माझा सगळा अर्ज त्यांच्या प्रामाणिकपणावरच उभा आहे. सदस्यांनी ऐकलं, थांबवलं नाही, हे त्यांनीच लिहून दिलं आहे. आईच्या फोटोसमोर ऐकलेली विनंती मुलाच्या मनातून कशी पुसली जाईल, एवढंच त्यांनी विचारलं आणि ते बसले.

गावाला वकील नव्हता. अध्यक्षांनी देवरावांना विचारलं की यावर तुमचं काही म्हणणं आहे का. देवराव उठले. त्यांनी त्या दिवशी धुतलेलं धोतर आणि कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. टोपी हातात, आणि हातात आयोगाकडून रजिस्टर पोस्टानं आलेली ती प्रत, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली.

“हे म्या बोललो ते खरं हाय, साहेब,” ते छाती काढून म्हणाले. “साताईपैकी एक शबूद खोटा नाई. पायजे तं सही देतो.”

अपूर्वबाबूंनी मान खाली घातली. आणखी काही सिद्ध करायचं उरलंच नव्हतं. प्रेमानंद खुर्चीवरून उठले, अध्यक्षांना आणि मिनलताईंना नमस्कार करून बाजूच्या दारानं बाहेर पडले. मिनलताईंनी त्यांच्याकडं पाहिलं, त्या नजरेत राग होता की कीव ते त्यांना कळलं नाही. आत आता दोघं उरले होते, मतं समसमान, आणि मतं समसमान झाली की अध्यक्षांचं मत चालतं, हाही आयोगाचा नियमच. तो मात्र प्रेमानंदांनी लिहिलेला नव्हता.

खाली फाटकाशी गाडीची वाट पाहत ते उभे होते, तेवढ्यात जिन्यावरून देवराव उतरत आले. सदरच्या रस्त्यावर दुपारची गर्दी होती, हॉर्न वाजत होते. देवराव जवळ आले, आणि या वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी भाच्याच्या डोळ्यांत पाहिलं. चेहऱ्यावर लख्ख समाधान होतं.

“बाबू, तीन साल अर्ज देऊन राहिलो,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “तहसीलीत देल्ला, कलेक्टरकडं देल्ला. कोनंच आमचं बोलनं आमच्या शबदात लिहून नाई घेतलं. तू घेतलं. विहारात वाचून दाखवला म्या कागद, सारी वस्ती आली होती.”

प्रेमानंदांनी तोंड उघडलं. सांगायचं होतं की मामा, तो कागदच तुमच्या मुळावर आला. मी तो लिहिला नसता तर या घटकेला तुमच्या नळाचा आदेश टाइप होत असता. पण आदेश निघालेला नव्हता, देवराव अर्जदार होते, आणि बाजूला झालेल्या सदस्यानंही बोलू नये ही ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं, मोठ्या हौसेनं घातली होती. देवरावांनी त्यांचं उघडलेलं तोंड पाहिलं आणि घाईनं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

“तू बोलू नको. मले नियम मालूम हाय,” ते म्हणाले. “तू उठून गेला तं जाऊ दे, कागद तं बसला ना फाईलीत.”

आणि ते पिशवी बगलेत धरून कन्हानची बस पकडायला गेले.

त्यानंतरचे अकरा दिवस प्रेमानंदांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. कामिनी बोलायची, पण कामापुरतं. ते सकाळी फाटक उघडत, पाटी वाचत, फाटक लावत. कितीदा तरी मनात आलं की मिनलताईंना फोन करावा, अध्यक्षांना भेटावं, नुसतं एवढंच म्हणावं की विहीर एकदा जाऊन बघून या. पण आता या प्रकरणात ते परके होते, आणि परक्यानं सदस्याच्या कानाशी लागायचं नाही, हे त्यांनी नऊ वर्षं सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं.

बाराव्या दिवशी दुपारी आदेश संकेतस्थळावर आला. परवाना मंजूर, उपसा दुप्पट. नळाच्या पाण्याबद्दल लिहिलं होतं की कंपनीनं सहानुभूतीपूर्वक विचार करावा. मिनलताईंचं वेगळं मत बावीस पानांचं होतं, त्यात विहिरीचा इतिहास होता, पाण्याचे तपासणी अहवाल होते, सगळं होतं. पण ते वेगळं मत, त्याला किंमत नव्हती. प्रेमानंदांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

आता बोलायला मोकळीक होती. नियम सतरा संपला होता. देवरावांचा नंबर त्यांच्या फोनमध्ये नव्हता, म्हणून ते आईच्या खोलीत गेले. भिंतीवर तो फोटो, त्याखाली टेबलावर आईचा बटणांचा फोन. कामिनी अजून तो रोज चार्ज करून ठेवायची. आईच्या खुर्चीत बसून त्यांनी ‘देवराव’ शोधून काढलं आणि बटण दाबलं.

देवरावांनी पहिल्याच घंटीला उचलला. स्क्रीनवर भीमाबाईंचं नाव होतं, तरी ते म्हणाले की बाबू तूच हायस ना, आता बोलता येते का. प्रेमानंद म्हणाले, येते. आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. दोनास एक कसं ठरलं होतं, नळ येणारच होता, मग ती सात वाक्यं, मग तो कागद, मग हरकत, मग आजचा आदेश. मुंबईला अपील करता येतं तेही सांगितलं, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत उपसा थांबणार नाही तेही सांगितलं. पलीकडं कुठंतरी बकरी ओरडत होती.

“म्हंजे,” देवराव म्हणाले, “म्या बाईसंग बोललो, म्हनून?”

प्रेमानंदांना काहीतरी दुसरं सांगावंसं वाटलं. दोष माझा आहे, नियमाचा आहे, वकिलाचा आहे, काहीही. पण विचारलं होतं त्याचं खरं उत्तर एकच होतं.

“हो मामा.”

पुन्हा ती बकरी ओरडली.

“बाबू,” देवराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता अगदी खाली गेला होता, “तू कुठी बसून बोलून राहिला?”

“आईच्या खोलीत.”

“तिच्या फोटोपुढं नको बोलू हे. भाईर जा. तिनं माती वाह्यली हाय गा त्या विहिरीची.”

प्रेमानंद फोन कानाला तसाच धरून उठले आणि खोलीचं दार हळूच ओढून घेऊन बाहेर अंगणात गेले.